आधी मुक्काम, मग रस्ता

अहिल्यानगर जिल्ह्यातून स्वतःची गाडी काढायची, माळवा ओलांडून जैसलमेरच्या वाळवंटात जायचे, तिथून पंजाब आणि काश्मीरमार्गे लेह गाठायचे आणि मनालीवरून घरी परतायचे, हा बेत आता कुणाला नवलाचा वाटत नाही. संगमनेरचे डॉक्टर, राहुरीचे बागायतदार, नगरच्या एमआयडीसीत नोकरी करणारी मुले, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक, सगळेच तो करतात. बेत ठरतो तो बहुधा मोबाइलवरचा नकाशा पाहून. एकूण साडेपाच-सहा हजार किलोमीटर, दिवसाला चारशे धरले तर पंधरा दिवस, म्हणजे दोन आठवड्यांची रजा पुरे. हा हिशेब चुकीचा आहे. घरी बसून तो दुरुस्त करता येतो, पण झोजिला खिंडीच्या पायथ्याशी पोहोचल्यावर येत नाही. म्हणून ही पुस्तिका.

पुढची प्रकरणे रस्ते, पेट्रोल पंप, कागदपत्रे आणि गाडीची तयारी यांच्याविषयी आहेत. प्रस्तावनेत मला एवढेच सांगायचे आहे की वाळवंट आणि डोंगर एकाच प्रवासात घ्यायचे असतील तर पहिली आखणी मुक्कामांची करावी. कोणत्या रात्री कुठे झोपायचे, तिथे पाणी काय, उंची किती, तिथून पुढचा रस्ता बंद झाला तर मागे कुठे यायचे, हे आधी ठरवावे. किलोमीटर त्यानंतर मोजावेत.

ही रीत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर मेंढरे घेऊन निघतात, सह्याद्री उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत वर येतात. सोबत बायकामुले, घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड, कुत्री, कोंबड्या. या फिरत्या वाड्याचा कारभारी आज किती कोस चालायचे असे विचारत नाही. पुढच्या तळावर पाणी आहे का, चारा आहे का, आणि कोणता शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरे बसवून घेईल, हे तो आधी पाहून येतो. मग वाडा हलतो. मेंढरू दिवसात किती चालते हे त्याला पक्के ठाऊक असते आणि त्याहून जास्त चालवायचा हट्ट तो धरत नाही. आपल्याकडे शंभर अश्वशक्तीचे इंजिन आहे म्हणून हे शहाणपण आपल्याला लागू नाही असे समजणाऱ्यांची दमछाक सहाव्या-सातव्या दिवशी दिसू लागते.

ज्यांचे नाव आज जिल्ह्याला आहे त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी ३१ मे १७२५ रोजी झाला. काशी, सोमनाथ, रामेश्वर, बद्रीनाथ, केदारनाथ अशा दूरदूरच्या ठिकाणी त्यांनी मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या किंवा दुरुस्त करविल्या. देवळांचा उल्लेख सगळे करतात, मला धर्मशाळा आणि विहिरी अधिक मोलाच्या वाटतात. चालणाऱ्या माणसाला कशाची गरज असते हे त्यामागे नेमके ओळखलेले आहे. म्हणून या मार्गावरचा पहिला मुक्काम आम्ही महेश्वरला धरला आहे. नगरहून शिर्डी, कोपरगाव, मनमाड, मालेगाव, धुळे, पुढे सेंधव्याचा घाट चढून धामणोद, आणि तिथून थोडे आत नर्मदेच्या काठी. अंतर पावणेचारशेच्या आसपास. नगर-मनमाड रस्ता कसा आहे हे नगरकराला सांगायला नको. पहाटे निघाले तरी पहिल्या दिवसासाठी हे पुरेसे आहे. इंदूरपर्यंत रेटून जाण्यात मिळते फक्त शहराची संध्याकाळची कोंडी.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न, तारखेचा. वाळवंटाचा हंगाम आणि लडाखचा हंगाम एकमेकांना पाठ करून उभे आहेत. मे-जूनमध्ये लडाखचे रस्ते उघडलेले किंवा उघडत असतात, तेव्हा जैसलमेरला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. डिसेंबर-जानेवारीत वाळवंट सुखाचे, तर मनाली-लेह रस्ता बर्फाखाली. जुलै-ऑगस्टमध्ये पंजाबच्या पुढे डोंगर ढासळण्याची भीती. उरते ती सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतची फट. पश्चिम राजस्थानातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख १७ सप्टेंबर आहे. त्या सुमारास नगरहून निघालात तर जैसलमेरला दुपार कडक पण सोसवणारी मिळते, महिनाअखेरीस झोजिला ओलांडता येतो आणि ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत बारालाचा खिंड उतरून तुम्ही लाहौलमध्ये असता. त्यानंतरच्या बर्फावर कुणी भरवसा ठेवू नये.

मात्र हेच दिवस आपल्याकडे परतीच्या पावसाचे. नगरच्या कोरडवाहू भागाचा सारा जीव याच पावसावर असतो. त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरायची असते, सोयाबीन काढायचे असते, कांद्याची रोपे टाकायची असतात. गणपती, पितृपक्ष, मग घरात घट बसायचे, मोहटादेवीच्या दर्शनाला जायचे. शेतकरी कुटुंबाने या दिवसांत तीन आठवडे बाहेर राहणे सोपे नाही, आणि मुलांना शाळेत सुट्टी नाही. अशांना माझा सल्ला स्पष्ट आहे: प्रवासाचे दोन तुकडे करा. दिवाळीच्या सुट्टीत जैसलमेर-बिकानेर करून या. लडाखसाठी मे महिन्याची सुट्टी ठेवा आणि वाळवंट टाळून जा. अर्धा प्रवास नीट केलेला बरा. एकाच फेरीत सगळे उरकायचे म्हणून जूनच्या उन्हात लहान मुले आणि आईवडील घेऊन बाडमेरच्या रस्त्याला लागणे हे धाडस नव्हे, तो हलगर्जीपणा आहे.

निघण्यासाठी सप्टेंबर धरण्याचे आणखी एक कारण अगदी घरचे आहे. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर उसाच्या जोड ट्रॉल्या येतात, पुष्कळांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टीही नसते. अंधारात त्यांच्यावर आदळून दरवर्षी माणसे जातात. लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस स्वतःच्या जिल्ह्यात बेसावध असतो, म्हणून हे लिहिले.

राजस्थानातला रस्ता फसवा आहे तो त्याच्या चांगुलपणामुळे. जोधपूर ते जैसलमेर, पुढे पोखरण, फलोदी, बिकानेर असा गुळगुळीत आणि सरळ. वळण नाही, गर्दी नाही, दुपारी डोळा लागतो. रात्री नीलगाय, उंट आणि मोकाट गुरे डांबरावर येऊन बसतात. इथे पहाटे पाचला निघून अकरापर्यंत चालवावे, ऊन उतरेपर्यंत थांबावे. माणशी पाच लिटर पाणी गाडीत वेगळे ठेवावे आणि ते पिण्याच्या पाण्यात धरू नये. कूलंट घरीच बदलून घ्यावे. जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर स्वतःची गाडी घालू नये. वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते, बाहेर आल्यावर पुन्हा भरावी लागते. कंप्रेसर, फावडे आणि टोचनचा पट्टा यांच्याशिवाय, दुसरी गाडी सोबत नसताना, हा प्रयोग करायचा नसतो. तिथले जीपवाले वाळू ओळखतात, त्यांच्या गाडीत बसावे.

वाळू न ओळखणाऱ्यांचे काय होते याचा मोठा दाखला त्याच वाळवंटात आहे. जैसलमेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत लोंगेवाला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानचे रणगाडे रात्रीतून तिथवर आले, पण पुढच्या जमिनीची नीट पाहणी झालेली नव्हती. कित्येक मऊ वाळूत रुतले, इंजिने तापली आणि उजाडल्यावर आपल्या हंटर विमानांना ते उघड्यावर सापडले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींच्या तुकडीने रात्रभर ठाणे सोडले नव्हते, हे तर खरेच. आता दुसरे टोक पाहा. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या योजनेनुसार ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे झोजिलाच्या खिंडीत चढले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. पण त्याआधी जम्मूपासूनच्या पुलांना वजन झेपावे म्हणून रणगाड्यांचे बुरूज उतरवले गेले, गुप्तता पाळत ते श्रीनगरमार्गे बालतालला नेले आणि सॅपर्सनी कडाक्याच्या थंडीत खिंडीपर्यंत वाट तयार केली. रणगाडा तोच लोखंडाचा. एका जागी तो जमिनीची चौकशी न करता नेला, दुसऱ्या जागी चौकशी आधी झाली. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आपल्या नगरमध्येच आहे आणि १९९४ पासून इथे रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. निघण्याआधी एक सकाळ मुलांना घेऊन तिथे जावे. वाळवंटात आणि बर्फात यंत्राला काय सोसावे लागते, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळते.

जैसलमेर-बिकानेर सोडून गंगानगरकडे जाताना इंदिरा गांधी कालव्याची हिरवळ लागते. हे पाणी पंजाबातल्या हरिकेच्या बंधाऱ्यावरून येते, जिथे बियास सतलजला मिळते, आणि अमृतसरला जाताना तो बंधारा वाटेवरच आहे. ही बियास उगम पावते मनालीच्या वर, रोहतांगच्या बाजूला. म्हणजे परतताना अटल बोगद्यातून बाहेर पडल्यावर जिच्या काठाने आपण खाली उतरतो, तिचेच पाणी दोन आठवड्यांपूर्वी थरच्या शेतांत पाहिलेले असते. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी श्रीरामपूर-राहात्याच्या उसाला पोहोचताना पाहिलेल्या माणसाला हा संबंध समजावून सांगावा लागत नाही. वाळवंट आणि डोंगर एकाच फेरीत पाहण्याचे खरे कारण मला हेच वाटते, आणि म्हणूनच ज्यांना शक्य आहे त्यांनी तो सप्टेंबरचा काळ गाठावा असे मी आग्रहाने म्हणतो.

उंचीचा विषय मात्र सावकाश वाचावा. नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई, आपल्याच अकोले तालुक्याच्या हद्दीवर, १६४६ मीटर. श्रीनगर शहर जवळपास तेवढ्याच उंचीवर वसले आहे. झोजिला साडेतीन हजारांच्या किंचित वर, लेह शहर ३५०० मीटरच्या घरात, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचूनही कमी पडतील. मनालीच्या रस्त्यावरचा तांगलांग ला ५३२८ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. लेहमध्ये तो दोन तृतीयांश. शरीराला हे कळायला वेळ लागतो आणि तो वेळ विकत मिळत नाही. व्यायाम करणारा पंचविशीतला मुलगाही डोके धरून बसतो आणि साठीची आजी मजेत फिरते, असे होते.

म्हणून आम्ही श्रीनगरकडून चढण्याचा आणि मनालीकडून उतरण्याचा क्रम धरला आहे. श्रीनगर, मग कारगिल, मग लेह अशी झोपण्याची उंची पायरीपायरीने वाढते. उलट गेलात तर मनालीनंतर लगेच सरचूसारख्या ४३०० मीटरच्या जागी रात्र काढायची पाळी येते, आणि तिथे त्रास सुरू झाला तर दोन्ही बाजूंना खिंडी आहेत. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, हा डोंगरी वैद्यकातला मान्य नियम आहे. कारगिलहून लेहला येताना तो मोडतो, त्याची भरपाई म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस काहीही करू नये. खारदुंग ला नाही, पँगाँग नाही, बाजारात हळू फेरफटका पुरे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवात. बसल्या जागी धाप लागणे किंवा चालताना तोल जाणे ही धोक्याची घंटा. तेव्हा सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे असते किंवा लेहच्या सोनम नोर्बू रुग्णालयात जायचे असते. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यावी की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. रक्तदाब, दमा, हृदयविकार असलेल्यांनी तपासणी टाळू नये. दारू पहिल्या दोन रात्री अजिबात नको.

स्वयंपाकाचे सामान नेणाऱ्यांनी कुकर न्यावा. लेहमध्ये पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू यांचा आधार पहिल्या आठवड्यात फार होतो.

इंधनाचा हिशेब परतीच्या वाटेवर चुकतो. लेह सोडताना कारूच्या पंपावर टाकी काठोकाठ भरावी आणि पुढे लाहौलमधल्या टांडीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतरात पंप नाही असे धरून चालावे. चढावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, गाडी घरच्यापेक्षा बरेच जास्त तेल पिते. मोटरसायकलवाल्यांनी कॅन घेतलाच पाहिजे. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, त्यामुळे गाडीत निदान दोन पोस्टपेड फोन असावेत. भाड्याने घेतलेली गाडी नेण्याचा विचार असेल तर सोडून द्यावा, तिथल्या टॅक्सी संघटनांचा त्याला विरोध असतो. पांढऱ्या पाटीची, स्वतःच्या नावावरची गाडी सगळ्यांत बरी. नुब्रा, पँगाँग, हानले यांचे शुल्क आणि परवाने यांचे नियम वारंवार बदलतात, ते लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यात पाहावेत. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम चंदनापुरी किंवा करंजी घाटात आपण सर्रास मोडतो. झोजिलाच्या अरुंद कड्यावर तो मोडला तर दोन्ही बाजूंची शेकडो वाहने अडकतात.

आणि राखीव दिवस. २०२५ च्या ऑगस्टअखेरीच्या अतिवृष्टीत जम्मू-श्रीनगर महामार्ग उधमपूर परिसरात खचला, वाहतूक अनेक दिवस विस्कळीत झाली. त्याच सुमारास कुलू-मनालीचा रस्ता बियासने तोडला. असे पुन्हा होणारच. अटल बोगद्याने ३ ऑक्टोबर २०२० पासून रोहतांगचा अडसर दूर केला, सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला, तरी डोंगराची लहर बोगद्यांनी संपत नाही. आमच्या आखणीत एकूण चोवीस दिवस आहेत, त्यांतले तीन कोरे. हे कोरे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, म्हणून आधी तेच कापले जातात. कापायचेच असेल तर एखादे ठिकाण कापा. पँगाँग राहिले तर पुढच्या वेळी दिसेल. दमलेल्या चालकाने परतताना रात्री ग्वाल्हेर-शिवपुरी रस्ता रेटण्यापेक्षा ते बरे.

ज्यांनी घरच्या माणसांसह सलग तीन दिवस गाडीत काढलेले नाहीत त्यांनी आधी आपल्याच जिल्ह्यात रंगीत तालीम करावी. पहिल्या दिवशी चोंडी, कर्जत, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आणि तिथले माळरान. दुसऱ्या दिवशी पारनेर, निघोजचे रांजणखळगे आणि संगमनेर. तिसऱ्या दिवशी प्रवरेच्या काठाने वर अकोले, राजूर, १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण, रतनवाडी, घाटघर. नगर शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटघरला पाच हजारांच्या आसपास. एवढा फरक एका जिल्ह्यात ओलांडता येतो. या तीन दिवसांत गाडीचा कोणता आवाज खटकतो, कुणाला घाट लागतो, कोण पहाटे उठत नाही, सामान किती जास्त झाले, कोणाशी कोणाचे पटत नाही, हे सगळे कळून येते. चौथ्या दिवशी कळसूबाई चढून पाहावी. ज्यांना तिच्या शिड्यांवर वारंवार थांबावे लागले त्यांनी लडाखचा बेत सोडू नये, पण आखणीत आणखी एक विश्रांतीचा दिवस वाढवावा.

वाचकांना एक विनंती. या पुस्तिकेच्या शेवटी मुक्कामांचा कोरा तक्ता आहे. तो निघण्याआधी भरावा: तारीख, गाव, उंची, राहण्याच्या जागेचा फोन, बरोबरच्या प्रत्येकाचा रक्तगट आणि औषधे. त्याची एक प्रत घरी थांबणाऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. लेह-मनाली रस्त्यावरच्या उपशी ते दारचा या टप्प्यात फोन भरवशाने लागत नाही, त्यामुळे एक दिवस निरोप आला नाही तर घाबरू नये, दुसऱ्या संध्याकाळीही आला नाही तर कुणाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे. तक्ता भरलेला नसेल तर निघण्याची तारीख पुढे ढकलावी.